हत्तीची पट्टी

सकाळी सव्वासात ते पावणेआठ या अर्ध्या तासात आमच्याकडे कुणी येऊ नये, एवढीच माझी जगाकडून अपेक्षा असते. दूध गॅसवर असतं, डबे उघडे असतात आणि घरातलं प्रत्येक माणूस कसली ना कसली जोडी शोधत असतं. त्या दिवशी गुंडी एका पायात मोजा घालून दुसरा पलंगाखाली शोधत होती. गुंडी म्हणजे आमची सहा वर्षांची लेक. गोल, टणक आणि हातातून निसटली की कुठेही गडगडत जाणारी, म्हणून गुंडी. नवरा आरशासमोर शर्ट खोचत होता. स्वयंपाकघरातला नळ आठ दिवस ठिबकत होता, तो त्याही दिवशी इमानेइतबारे ठिबकत होता.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. तीनदा, अगदी सारख्या अंतराने.

बेल असताना टकटक करणारा माणूस आमच्या इमारतीत एकच, खालच्या मजल्यावरचे पाराकाका. बेलवर त्यांचा विश्वास नाही. आत कुठेतरी वायर सैल असणारच, असं ते प्रत्येकाच्या बेलबद्दल म्हणतात, आणि बहुतेक वेळा ती असते.

दार उघडलं. काका खांद्याला कापडी पिशवी अडकवून उभे होते. दाढी अर्धीच झालेली, एका कानाखाली साबण तसाच. त्यांची नजर माझ्याकडे नव्हतीच. माझ्या खांद्यावरून ते आत बघत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "भाऊंची पँट हवी होती."

मी विचारलं, कुठली?

"त्यांनी घातली आहे ती."

नवऱ्याने आरशातूनच मागे पाहिलं आणि दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरला.

काका वेडेबिडे नाहीत, हे आधी सांगायला हवं. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात ते चौतीस वर्षं उपकरणं दुरुस्त करत आले आहेत, आणि त्यातही त्यांचा जीव रक्तदाब मोजायच्या यंत्रांवर. पूर्वी त्या यंत्रांच्या काचेच्या नळीत पारा असायचा. मग पारा वाईट म्हणून सगळीकडून काढून टाकला, काटे आले, पडदे आले. काकांनी मात्र वरिष्ठांची परवानगी घेऊन एक पाऱ्याचं यंत्र कपाटात कुलूप लावून जपून ठेवलं. नवं कुठलंही यंत्र वॉर्डात जाण्याआधी त्या पाऱ्यासमोर उभं राहून परीक्षा देतं. "पडदा काय, काहीही दाखवील. पारा खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावरून त्यांना पाराकाका हे नाव पडलं. काकूंचं म्हणणं, लग्नात अक्षरशः एक तास उशिरा आले, का, तर येताना कुणाच्या तरी यंत्रात हवा गळत होती. काकू शाळेत गणित शिकवतात आणि नवऱ्याबद्दलची प्रत्येक तक्रार आकड्यानिशी करतात.

काकांचे वडील शिंपी होते. चार भावंडांत हा एकच असा, की ज्याने दहाव्या वर्षी जाहीर केलं, मी सुईला हात लावणार नाही. लावला नाही. तांत्रिक शिक्षण घेतलं, पाना-पक्कड हातात घेतली, रुग्णालयात लागले. आणि तिथे सहा महिन्यांत त्यांच्या लक्षात आलं की रक्तदाबाच्या यंत्रात सगळ्यात आधी बिघडतं ते यंत्र नव्हे, तर दंडाला बांधायची कापडी पट्टी. ती नेहमी घडीवरच उसवते. नवी मागवली तर यायला दोन-तीन महिने. शेवटी वडिलांचं शिवणयंत्र घरून उचलून त्यांनी तळघरात नेलं. "बापाने माझ्यावर डाव साधला," असं ते हसत सांगतात, पण त्यांची शिवण मी पाहिली आहे. माझ्या शिवणाच्या बाईंनी तिला शंभरपैकी पंच्याण्णव दिले असते, पाच फक्त स्वभाव म्हणून कापले असते.

तर हत्तीची गोष्ट अशी. वर्षभरापूर्वी मुलांच्या वॉर्डातल्या एका पोराने पट्टी आवळल्यावर किंकाळी फोडली, की साप आवळतोय. एकाने म्हटलं की वॉर्डभर साप. मुलं हात पुढे करीनात. मुलांचा हा वॉर्ड म्हणजे कॅन्सरचा. तिथे रोज चार वेळा प्रेशर बघावं लागतं, आणि रडणाऱ्या मुलाचं प्रेशर म्हणजे रडण्याचं प्रेशर. काकांनी मग एका पट्टीवर मऊ कापडाचा नवा अभ्रा चढवला आणि त्यावर हत्ती शिवला, करडा, सोंड वर केलेला. पट्टी फुगली की हत्तीही फुगायचा. मुलांचा साप एका दुपारी पळाला. त्या हत्तीचं कापड मी दिलं होतं. माझ्या नवऱ्याने एकाच ताग्यातून दोन पँटी शिवून घेतल्या होत्या, त्यातली एक गुडघ्यावर फाटली, तिचा हत्ती झाला. दुसरी त्या सकाळी नवऱ्याच्या अंगावर होती.

"पहिल्या पँटचं काही उरलंय?" काकांनी आत येत विचारलं.

उरलं होतं. आठ दिवस नळाखाली पाणी टिपत पडलं होतं. मी ते दोन बोटांत धरून दाखवलं. काकांनी नाही म्हणून मान हलवली.

मी त्यांना खुर्चीत बसवलं, कानाखालचा साबण पुसायला टॉवेल दिला, चहा पुढे ठेवला. हा माणूस एरवी चहाचा आधी हाताने अंदाज घेतो, किती गरम आहे ते सांगतो आणि मग पितो. त्या दिवशी घोट घेऊन त्यांना भाजलं, तरी त्यांनी तसाच दुसरा घोट घेतला. तेव्हा मी गॅस बंद केला आणि समोर बसले.

त्यांनी जे सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत सांगते, कारण त्यांचं सांगणं स्क्रू फिरवल्यासारखं होतं, दोन फेरे पुढे, एक मागे.

त्या वॉर्डात काही मोजक्या मुलांवर एक नवा उपाय करून बघत होते. आईवडिलांना सगळं समजावून, सह्या घेऊन. कॅन्सरचं औषध शिरेतून देतात, पण काही गाठी अशा असतात की औषध त्यांच्यात पुरेसं पोचतच नाही. म्हणून आधी दुसऱ्या एका औषधाने मुलाचं प्रेशर मुद्दाम चढवायचं, ठरलेल्या रेघेपर्यंतच, आणि ते चढलेलं असताना त्या थोड्या मिनिटांत कॅन्सरचं औषध सोडायचं.

मी म्हटलं, काका, जन्मभर तुम्ही आम्हाला मीठ कमी खा, जिना सावकाश चढा सांगून प्रेशर उतरवत आलात, आणि आता लहान मुलांचं चढवता?

"मी नाही चढवत," काका म्हणाले. "मी मोजतो." आणि मग नळाकडे बोट दाखवलं. "हे बघा. समजा गच्चीवरचा पंप जोरात सुरू केला. इमारतीतले चांगले नळ शहाणे आहेत असं धरा. दाब वाढला की ते आपणहून स्वतःला आवळून घेतात. पण तुमच्या या नळाचा वायसर गेलाय. याला आवळताच येत नाही. मग वाढलेलं पाणी कुठे येणार?"

"आमच्या घरात," गुंडी पलंगाखालून म्हणाली.

"बरोबर. आणि नेमकं त्याच वेळी टाकीत औषध टाकलं तर?"

माझ्या डोक्यात लख्ख पडलं. गाठीतल्या रक्तवाहिन्या म्हणजे घाईघाईत, कसल्याही मालातून केलेलं नळकाम. चांगल्या वाहिन्या प्रेशर चढलं की अंग चोरतात, गाठीतल्या चोरू शकत नाहीत, म्हणून रक्त तिकडे लोटतं आणि रक्ताबरोबर औषध. हे खरंच कितपत लागू पडतं ते डॉक्टरांनाही अजून कळायचं होतं. त्यासाठीच तर सगळं मोजून, लिहून ठेवत होते. आणि म्हणून सगळा खेळ मोजण्यावर. रेघेच्या वर गेलं तर मुलाला धोका, खाली राहिलं तर उपाय झालाच नाही.

त्या मुलांत एक नऊ वर्षांची मुलगी होती. चणीने सहाची वाटणारी, जिभेने साठीची. तिला हत्तीशिवाय दुसरी पट्टी चालायची नाही. मनगटातल्या नसेत सुई ठेवूनही प्रेशर बघता येतं, पण तिच्या नसा इतक्यांदा टोचून झाल्या होत्या की सुई टिकत नव्हती, म्हणून दंडाच्या पट्टीवरच भिस्त. तिचे तीन डोस झाले होते. तिन्ही वेळा प्रेशर झटकन रेघेला लागलं, चढवायचं औषध थोडंसंच लागलं, सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. आणि गाठ मात्र जशीच्या तशी. आदल्या दिवशी काका वॉर्डात एक नळी बदलायला गेले असताना डॉक्टरीणबाई मुलीच्या आईला सांगत होत्या, उद्याचा चौथा डोस शेवटचा, हिला हा उपाय लागू पडत नाही असं दिसतंय, मग तो बंद करू.

काकांनी सहज मुलीच्या दंडाकडे पाहिलं. गोळ्यांनी तिचं अंग सुजलं होतं, दंड चांगला गोल झाला होता. आणि हत्तीची पट्टी त्यावर शेवटच्या टोकाला, अगदी शेवटच्या बोटभर वेल्क्रोवर बसली होती. तेव्हा नुसतं खटकलं; का, ते आज दाढी करता करता कळलं आणि ते तसेच वर आले.

"ते टोक मी जोडलंय, वहिनी," काका म्हणाले. "सगळ्या मुलांना हत्तीच हवा, म्हणून मी अभ्रा लांब केला. प्रत्येकाच्या दंडाला बसावा म्हणून. कापड लांब केलं. आतली रबरी पिशवी तीच ठेवली, लहान मुलांची."

मला एवढं कळलं नाही. त्यांनी पिशवीतून दुरुस्तीला घरी आणलेल्या दोन पट्ट्या काढल्या, एक हत्तीच्याच मापाची, पण हत्तीविना, आणि एक तिच्याहून मोठ्या मापाची. गुंडीला पलंगाखालून ओढून खुर्चीत बसवलं. तिचा दंड त्या मुलीसारखाच भरलेला, हे तिचं सौभाग्य. आधी टेपने मोजला, मग लहान पट्टी चिकटपट्टीने कशीबशी बांधली, हातातला पंप दाबला, कानाला नळ्या लावल्या. एकशे अठरा. दहा मिनिटं तिला गप्प बसवलं, जे मला सहा वर्षांत जमलेलं नाही, आणि योग्य मापाची पट्टी बांधली. शंभर.

तीच मुलगी, तोच हात, तीच खुर्ची. अठराचा फरक.

"पट्टी अरुंद असली की आकडा फुगतो," काका म्हणाले. "पडद्यावर रेघ लागायची आणि ते चढवणं थांबवायचे. तिचं खरं प्रेशर कधी चढलंच नाही. तीन डोस झाले, आणि एकही झाला नाही."

एरवी ही चूक लपत नाही. लहान पट्टी मोठ्या दंडाला पुरतच नाही, मध्येच सुटते, आणि सिस्टर दुसरी आणतात. शिवाय कुठल्या दंडाला कुठली पट्टी, ते तिच्यावर रेघा मारून छापलेलं असतं. काकांच्या लांब टोकामुळे ती सुटली नाही आणि हत्तीच्या अभ्र्याखाली त्या रेघा झाकल्या गेल्या. सिस्टरांचा दोष काढायला जागाच नव्हती. दोष पूर्णपणे, सोंडेपासून शेपटीपर्यंत, काकांचा होता.

अकरा वाजता चौथा डोस होता. त्याआधी डॉक्टरीणबाईंना सांगायचं होतं आणि योग्य मापाच्या पट्टीवर तोच हत्ती हवा होता, कारण दुसरं काही बांधलं की ती मुलगी हात पोटाशी धरून बसायची, आणि आरडाओरड्यात प्रेशर मोजण्यात अर्थ नव्हता. काकांचं स्वतःचं शिवणयंत्र पट्टा तुटून पडलेलं, म्हणून माझं यंत्र हवं होतं. आणि कापड.

आम्ही दोघांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने सगळं ऐकलं होतं. तो आत गेला आणि दोन मिनिटांनी जुनी तपकिरी पँट घालून बाहेर आला. करडी पँट माझ्या हातात देताना त्याने फक्त विचारलं, एका पायात भागेल का? भागेल, काका म्हणाले. मग दुसऱ्या पायाचं मी काय करू, असं त्याने विचारलं आणि डबा आणि शाळेत सोडायला गुंडीला घेऊन निघून गेला. या माणसाचा मला अधूनमधून फार अभिमान वाटतो, पण तोंडावर सांगितलं तर तो नवीन पँट मागेल.

काकांनी पट्टीचा अभ्रा शिवला. या वेळी मापाच्या रेघांवर कापडात खिडकी ठेवली, वेल्क्रो मूळ पट्टीइतकंच. हत्ती मी कापला. जुन्या हत्तीचा कागदी साचा काकांनी जपून ठेवला होता, त्यावर तारीखसुद्धा होती. आमचं काम चाललेलं असताना काकू वर आल्या, दारातूनच म्हणाल्या, चौतीस वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या डब्याचं झाकण नीट न लावता गेलात, तेव्हाच समजले काहीतरी मोठं आहे. सगळं ऐकल्यावर त्यांनी एकच विचारलं, निवृत्तीला किती महिने राहिले? पाच, काका म्हणाले. "मग पाच महिने आधी घरी बसाल, एवढंच ना. जा," काकू म्हणाल्या. आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, तुम्ही जा बरोबर, हे वाटेत कुणाचा तरी स्क्रू आवळत थांबतील.

हत्तीचा डोळा मी बसमध्ये शिवला. म्हणून तो जरा वर गेलाय.

काकांचं तळघर मी पहिल्यांदाच पाहत होते. लांबट खोली, छताजवळ एकच खिडकी, तिच्यातून फक्त माणसांचे बूट दिसतात. भिंतीला फळ्या, फळ्यांवर खोकी, प्रत्येक खोक्यावर काकांच्या सुबक अक्षरात चिठ्ठी: "बऱ्या होणाऱ्या", "वाट पाहणाऱ्या", "गेलेल्या". सगळ्या यंत्रांबद्दल ते बायका असल्यासारखं बोलतात. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं टेबल. त्यांनी कपाट उघडून पाऱ्याचं यंत्र काढलं, नवी पट्टी त्याला जोडली आणि फुगवून एक मिनिट नुसतं बघत राहिले. पारा हलला नाही. हवा गळत नव्हती. मग त्यांनी रुमालाने चष्मा पुसला, तो आधीच स्वच्छ होता, आणि आम्ही वर गेलो.

डॉक्टरीणबाईंना सगळं रुग्णालय टरकून असतं. बारीक चणीच्या, केस घट्ट बांधलेल्या, एक वाक्य दोनदा न बोलणाऱ्या. काकांनी दारात उभं राहूनच सांगायला सुरुवात केली. वाटेत त्यांनी बसमध्ये भाषण तयार केलं होतं, त्यातलं काही आलं नाही. दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, रबरी पिशव्या बाहेर काढून दाखवल्या आणि म्हणाले, "मॅडम, अभ्रा मी लांब केला. पिशवी तेवढीच ठेवली. तिचे तिन्ही आकडे फुगलेले आहेत."

बाईंनी पट्ट्या उचलल्या नाहीत. टेप मागितला. उठल्या आणि सरळ वॉर्डात गेल्या, मागे काका, त्यांच्या मागे मी, हातात सुई तशीच.

मुलगी पलंगावर मांडी घालून चित्राच्या वहीत रंग भरत होती. बाईंनी तिचा दंड मोजला. साडेएकवीस सेंटिमीटर. हत्तीच्या आत जी पिशवी होती ती सोळापर्यंतची. बाईंनी टेप दोनदा लावला. त्यांना एक गोष्ट दोनदा करताना पाहून सिस्टरही थांबल्या.

मग बाईंनी मागचे तक्ते मागवले. आकडे सगळे होते, मिनिटामिनिटाचे, सुवाच्य. पण कुठला आकडा कुठल्या पट्टीचा, हे कुठेच नव्हतं. बाकीच्या मुलांपैकी कुणाला हत्ती बांधला होता, कुणाला साधी पट्टी, ते सिस्टरांना आठवून आठवून सांगावं लागलं. एक सिस्टर म्हणाल्या, अमक्याला हत्ती नको होता, मी मोठा झालोय म्हणायचा. एवढ्यावर ते पोरगं मोजणीतून सुटलं. पुढचा तास त्या आठवण्यातच गेला. काका भिंतीला टेकून उभे होते. प्रत्येक मुलाचं नाव निघालं की त्यांचा खांदा जरा खाली जायचा आणि "साधी" म्हटलं की वर यायचा. शेवटी हत्तीवर मोजलेली मुलं निघाली चार. त्यातल्या तिघांचे दंड सोळाच्या आत, म्हणजे पट्टी त्यांच्या मापाचीच होती. चुकली ती फक्त हीच.

बाईंनी त्या दिवसाचा डोस पुढे ढकलला. या उपायावर लक्ष ठेवणाऱ्या देखरेख समितीला फोन केला आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. मग मुलीच्या आईला खोलीत बोलावलं. हे सांगताना मी तिथे असावं असं मला वाटेना, मी बाहेर आले. आत काकाही होते. त्यांनी स्वतःहून राहायचं ठरवलं होतं. दार उघडलं तेव्हा आईचे डोळे लाल होते, पण तिने काकांना विचारलेलं वाक्य मला ऐकू आलं: "म्हणजे तिला लागू पडत नाही, असं अजून ठरलेलं नाही?"

"नाही," काका म्हणाले. "अजून दिलेलंच नाही."

आई तिथल्याच बाकावर बसली. मग पर्स उघडून कंगवा काढला आणि केस विंचरायला लागली. का, ते मला सांगता येणार नाही, पण मी तिच्या जागी असते तर मीही काहीतरी असंच केलं असतं.

आता उरला होता हत्ती. नवी पट्टी पाहून मुलीने डोळे बारीक केले. हा माझा नाही, याचा डोळा कपाळावर आहे. मी शिलाईची जबाबदारी घेतली. मग तिने विचारलं, माझा कुठाय? तो तुझ्या हाताला पुरत नाही, काका म्हणाले.

"मी जाड झाले का?"

सिस्टर काहीतरी गोड बोलायला पुढे सरकल्या. काका आधी बोलले. "हो. औषधाने. हत्ती लहान पडला, ती माझी चूक. तुझी नाही."

तिने जरा विचार केला. जुना हत्ती मला द्या, मग हा बांधून घेईन, अशी अट घातली. काकांनी खिशातून छोटी कात्री काढली, जुन्या पट्टीची शिवण उसवली, रबरी पिशवी आणि नळी बाहेर ओढली, आणि नुसता रिकामा कापडी हत्ती तिच्या हातात दिला. पिशवी स्वतःच्या खिशात घातली. आता तो हत्ती कुणाचंच काही मोजू शकणार नव्हता. तिने तो बाहुलीच्या पोटाला बांधला.

चार दिवसांनी समितीची परवानगी आली. तिचे आधीचे तीन डोस हिशेबात धरायचे नाहीत, उपाय पहिल्यापासून मोजायचा. नव्या पट्टीवर डोस झाला तेव्हा मी नव्हते. काका दारात टकटक करून सांगून गेले. या वेळी प्रेशर झटकन चढलं नाही. चढवायचं औषध आधीपेक्षा बरंच जास्त, पण मर्यादेच्या आत लागलं, रेघ गाठायला बारा मिनिटं लागली. कानात कुणीतरी बूट घालून चालतंय, असं ती म्हणत होती, आणि आईचा हात धरून बूट मोजत होती. औषध गेलं, प्रेशर उतरवलं, बूट गेले. गाठीचं काय होतंय ते पुढच्या तपासणीत कळणार. काकांनी यापुढे एक शब्द जास्त सांगितला नाही. फक्त जाता जाता पिशवीतून वायसर काढून माझा नळ दुरुस्त केला.

काकांना कुणी घरी बसवलं नाही. उलट, आता मीच दर गुरुवारी गुंडी शाळेत गेल्यावर तळघरात जाते आणि अभ्रे शिवते. प्रत्येक मापाला वेगळा प्राणी, खिडकीसकट. नवऱ्याच्या पँटचा दुसरा पाय असा कामी आला. अशाच एका गुरुवारी डॉक्टरीणबाई स्वतः जिना उतरून खाली आल्या. खिडकीतल्या बुटांकडे एकदा पाहिलं, पुठ्ठ्यावर उभ्या टेबलाकडे पाहिलं. अहवालात झालेली चूक लिहिली आहे, म्हणाल्या, आणि ती कुणी पकडली तेही लिहायचं आहे.

"चूक कुणी केली, तिथेही माझंच नाव लिहा," काका म्हणाले. "दोन्हीकडे एकच माणूस आहे."

बाई हसल्या. त्या हसतात हे मला तेव्हा कळलं. लिहिलंय, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, तुम्ही आता काही महिन्यांनी निवृत्त व्हाल, त्याआधी तुम्हाला काही हवं असेल तर सांगा. मला वाटलं, आता टेबल मागतील. निदान शिवणयंत्राचा पट्टा तरी.

काकांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"मॅडम, तक्त्यावर प्रेशरच्या आकड्याशेजारी एक रकाना वाढवा," ते म्हणाले. "कुठल्या मापाची पट्टी बांधली, ते त्यात लिहीत जा. तेवढंच हवंय."